आकाश टॅब्लेटवरील जीएनयू/लिनक्स

आकाश टॅब्लेटवरील जीएनयू/लिनक्स हा भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई (आयआयटी मुंबई) येथे २०१२ च्या सुमारास हाती घेण्यात आलेला संगणकीय उपक्रम आहे. आकाश या अल्पदरातील टॅब्लेटसोबत अँड्रॉइड ही संचालन प्रणाली येत असे. त्याच टॅब्लेटवर उबंटूवर आधारित, संपूर्ण डेस्कटॉप असलेली जीएनयू/लिनक्स प्रणाली मायक्रोएसडी कार्डावरून चालविता यावी, अशी या उपक्रमात व्यवस्था करण्यात आली. टॅब्लेटमधील प्रोसेसर हा नेहमीच्या संगणकांतील एक्स८६ कुळातील नसून आर्म कुळातील होता. त्यामुळे हा उपक्रम म्हणजे एका प्रकारच्या यंत्रासाठी घडविलेली संचालन प्रणाली दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेण्याचे, अर्थात पोर्टिंगचे, महाराष्ट्रात घडलेले उल्लेखनीय उदाहरण ठरते. अशा कामात आज्ञावल्या नव्या प्रोसेसरसाठी तयार करणे हा तुलनेने सोपा भाग असतो. यंत्र सुरू होणे, त्यातील सुट्या भागांची माहिती कर्नलला मिळणे आणि ग्राफिक्सचे बंदिस्त ड्रायव्हर या तीन ठिकाणी खरी अडचण येते. आकाशच्या बाबतीतही या तीन गोष्टी निर्णायक होत्या.

पार्श्वभूमी

माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान भारत सरकारने २००९ मध्ये सुरू केले. विद्यार्थ्यांना अत्यंत कमी किमतीत संगणकीय उपकरण उपलब्ध करून देणे हा या अभियानाचा एक भाग होता. तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी २२ जुलै २०१० रोजी अशा उपकरणाचा नमुना सादर केला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्ली येथे 'आकाश' या नावाने पहिला टॅब्लेट प्रकाशित झाला. त्याची निर्मिती डेटाविंड या कंपनीकडे, तर समन्वयाची जबाबदारी आयआयटी राजस्थानकडे होती. या पहिल्या टॅब्लेटमध्ये ३६६ मेगाहर्ट्झ वेगाचा एआरएम ११ प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी, दाब देऊन चालणारा सात इंची पडदा आणि अँड्रॉइड २.२ ही प्रणाली होती. त्याचा मंद वेग आणि पडद्याचा प्रतिसाद यांवर बरीच टीका झाली.

२०१२ मध्ये प्रकल्पाची तांत्रिक जबाबदारी आयआयटी मुंबईकडे आली. संगणकशास्त्र विभागाचे प्रा. दीपक फाटक हे प्रकल्पाचे नेतृत्व करीत होते. रासायनिक अभियांत्रिकी विभागाचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखालील फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल हे मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रसारासाठीचे प्रकल्पही त्याच अभियानाच्या निधीवर संस्थेत चालत होते. सुधारित टॅब्लेट, म्हणजे आकाश २, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ११ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रकाशित झाला. त्यात ऑलविनर कंपनीची ए१३ ही चिप, तिच्यातील एक गिगाहर्ट्झ वेगाचा कॉर्टेक्स-ए८ प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट मेमरी, ४ गिगाबाइट अंतर्गत साठवण, ८०० गुणिले ४८० बिंदूंचा स्पर्शपडदा आणि अँड्रॉइड ४.० प्रणाली होती. सरकारने प्रत्येक टॅब्लेट २,२६३ रुपयांना खरेदी केला आणि अनुदानानंतर विद्यार्थ्यांसाठी त्याची किंमत १,१३० रुपये ठेवण्यात आली.

पहिल्या आणि दुसऱ्या आकाशमधील फरक बहुतेक वृत्तांतांत वेग व मेमरी यांपुरता सांगितला जातो. पोर्टिंगच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा फरक वेगळा होता. एआरएम ११ हा आर्म आज्ञासंचाच्या सहाव्या आवृत्तीचा, तर कॉर्टेक्स-ए८ हा सातव्या आवृत्तीचा प्रोसेसर आहे. उबंटूने १०.०४ या आवृत्तीपासून आर्मसाठी सातवी आवृत्ती ही किमान अट ठरविली होती. त्यामुळे त्या काळातील उबंटू पहिल्या आकाशवर चालूच शकली नसती. दुसऱ्या आकाशवर मात्र तिच्या हजारो तयार आज्ञावल्या जशाच्या तशा वापरता येणार होत्या.

अँड्रॉइड असताना दुसरी प्रणाली कशासाठी

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्स कर्नल हाच आहे. मग त्याच यंत्रावर पुन्हा लिनक्स नेण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न साहजिक आहे. कर्नल सारखा असला तरी त्यावरील सर्व रचना भिन्न असते. अँड्रॉइडमध्ये नेहमीच्या लिनक्समधील सी ग्रंथालयाऐवजी बायोनिक हे वेगळे ग्रंथालय असते आणि एक्स विंडो प्रणाली नसते. आज्ञावल्या जावामध्ये लिहून, वेगळ्या बांधणीने अॅपच्या रूपात पुरवाव्या लागतात. सायलॅब, पायथनची शास्त्रीय गणनाची ग्रंथालये, सी व सी++ चे संकलक, विद्युत मंडलांच्या रेखाटनाची साधने अशी जी मुक्त साधने अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लागतात, ती सर्व डेस्कटॉप लिनक्ससाठी लिहिलेली होती. २०१२ च्या अँड्रॉइडवर व्हिडिओ पाहता येत, पुस्तके वाचता येत; परंतु त्याच उपकरणावर एखादी आज्ञावली लिहून, संकलित करून, चुका शोधून पुन्हा चालविणे अत्यंत गैरसोयीचे होते. अकराशे रुपयांचे हे उपकरण विद्यार्थ्यासाठी केवळ पाहण्याची पाटी ठरणार की शिकण्याचा संगणक, हा प्रश्न त्यामुळे संचालन प्रणालीच्या निवडीशी जोडलेला होता. ज्या घरात दुसरा संगणक नाही, तेथे या प्रश्नाचे महत्त्व अधिकच होते.

आयआयटी मुंबईतील गटाने प्रथम अँड्रॉइडच्या चौकटीत राहून मार्ग काढला. आकाश प्रोग्रामिंग लॅब या अॅपमध्ये सी, सी++, पायथन आणि सायलॅब यांतील आज्ञावल्या लिहून चालविण्याची सोय होती. यामागील युक्ती सोपी होती. लिनक्सची एक लहान फाइल व्यवस्था टॅब्लेटवर ठेवायची आणि अँड्रॉइडच्याच कर्नलवर, मूळ निर्देशिका बदलण्याच्या 'सीएचरूट' या जुन्या सोयीने, ती चालवायची. कर्नल एकच असल्याने स्वतंत्र बूट करण्याची गरज पडत नाही. मात्र अशा व्यवस्थेत पडद्याचा ताबा अँड्रॉइडकडेच राहतो, मेमरी दोन्ही प्रणालींत विभागली जाते आणि खिडक्या, मेनू असलेली डेस्कटॉप आज्ञावली सरळ दाखविता येत नाही. संपूर्ण डेस्कटॉप हवा असल्यास टॅब्लेट स्वतंत्रपणे लिनक्समध्ये सुरू करणे हाच मार्ग उरतो.

नव्या प्रोसेसरसाठी आज्ञावल्यांची बांधणी

एक्स८६ प्रोसेसरसाठी संकलित केलेली आज्ञावली आर्मवर चालत नाही, कारण दोन्हींचे आज्ञासंच पूर्णपणे भिन्न आहेत. मूळ स्रोत उपलब्ध असल्यास ती नव्याने संकलित करता येते. डेबियन आणि उबंटू या वितरणांनी हे काम सार्वजनिक पातळीवर आधीच केले होते. म्हणून एखाद्या लहान गटाला सर्व आज्ञावल्या स्वतः संकलित कराव्या लागत नाहीत. साध्या संगणकावर आर्मसाठीची मूळ फाइल व्यवस्था जुळवायची, क्यूएमू या अनुकरण साधनाच्या आधारे त्यात हवी ती साधने बसवायची आणि ती कार्डावर उतरवायची, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. कर्नल मात्र त्या विशिष्ट चिपसाठी वेगळा, परसंकलकाच्या साहाय्याने तयार करावा लागतो.

पुनर्संकलन यांत्रिक वाटले तरी त्यात काही खाचखळगे आहेत. त्यांपैकी एक सी भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने माहीत करून घेण्यासारखा आहे. सी भाषेतील एक बाइटाचा अक्षर-प्रकार चिन्हांकित असावा की अचिन्हांकित, हे भाषेच्या मानकाने ठरविलेले नाही. एक्स८६ वरील लिनक्समध्ये तो चिन्हांकित, तर आर्मवरील लिनक्समध्ये अचिन्हांकित असतो. फाइल संपल्याची खूण म्हणून येणारी उणे एक ही किंमत निष्काळजीपणे अक्षर-प्रकारात साठविली, तर आर्मवर ती २५५ होते, तुलना कधीच खरी ठरत नाही आणि आज्ञावली अनंत आवर्तनात अडकते. त्याच स्रोतापासून तयार झालेली आज्ञावली एक्स८६ वर मात्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत असते.

दुसरा मुद्दा अपूर्णांकी गणिताचा. आर्मवरील जुन्या लिनक्समध्ये अपूर्णांक संख्या एका कार्याकडून दुसऱ्याकडे साध्या पूर्णांक नोंदवह्यांतून पाठविल्या जात. गणकात अपूर्णांकांसाठी वेगळा विभाग असला तरी त्याचा लाभ त्यामुळे पूर्णपणे मिळत नसे. २०१२ च्या सुमारास वितरणे 'आर्म-हार्डफ्लोट' या नव्या संकेताकडे वळली. उबंटूने १२.०४ आवृत्तीत तो स्वीकारला, तर डेबियनमध्ये तो मे २०१३ मधील 'व्हीझी' आवृत्तीत अधिकृतपणे आला. दोन्ही संकेतांच्या आज्ञावल्या एकमेकींशी जुळत नाहीत. ग्रंथालयांसह सर्व काही एकाच संकेताचे असावे लागते. याच काळात रास्पबेरी पाय हा लहान संगणक बाजारात आला होता. त्याचा प्रोसेसर पहिल्या आकाशप्रमाणेच एआरएम ११ कुळातील असल्याने डेबियनचा हार्डफ्लोट संच त्यावर चालत नव्हता. तेव्हा स्वयंसेवकांनी सहाव्या आवृत्तीच्या आज्ञासंचासाठी जवळजवळ संपूर्ण डेबियन पुन्हा संकलित केली. तीच रास्पबियन होय. आकाश २ ला हे कष्ट पडले नाहीत.

कॉर्टेक्स-ए८ ची एक उणीव येथे नोंदविली पाहिजे. या प्रोसेसरमध्ये एकेरी अचूकतेच्या अपूर्णांकांसाठी निऑन हा वेगवान विभाग आहे, परंतु दुहेरी अचूकतेची गणिते करणारा विभाग समांतर टप्प्यांत काम करीत नाही आणि म्हणून बराच मंद असतो. सायलॅब सर्व संख्या मुळात दुहेरी अचूकतेनेच हाताळते. साहजिकच, चलचित्रे सुरळीत दाखविणारी चिप मोठ्या आव्यूहांच्या गणितात मात्र मागे पडते. शिकण्यासाठीच्या लहान उदाहरणांत ही त्रुटी फारशी जाणवत नाही.

यंत्र सुरू होण्याची प्रक्रिया

सामान्य संगणकात बायोस किंवा यूईएफआय ही व्यवस्था असते. ती मेमरी सुरू करते, डिस्क शोधते आणि कोणत्याही संचालन प्रणालीला समजेल अशा ठरावीक रीतीने तिच्याकडे नियंत्रण सोपवते. त्यामुळे एकच उबंटू सीडी वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालते. २०१२ मधील आर्म टॅब्लेटमध्ये अशी सामाईक व्यवस्था नव्हती.

ए१३ चिपमध्ये कारखान्यातच कोरलेली एक लहान आज्ञावली असते. वीज मिळताच ती प्रथम एसडी कार्ड तपासते आणि त्यावर योग्य खूण न आढळल्यास अंतर्गत नँड साठवणीकडे वळते. आकाशवर लिनक्स चालविण्याच्या दृष्टीने हा क्रम फार सोयीचा ठरला. कार्ड घालून टॅब्लेट सुरू केल्यास लिनक्स, कार्ड काढून सुरू केल्यास मूळचे अँड्रॉइड, अशी निवड त्यामुळे करता आली. अंतर्गत साठवणीला हात न लावल्याने प्रयोग फसला तरी टॅब्लेट निकामी होण्याचा धोका नव्हता. शासकीय अनुदानाचे उपकरण हाती असलेल्या विद्यार्थ्याला अथवा प्राध्यापकाला ही हमी महत्त्वाची वाटली असल्यास नवल नाही. नँड टाळण्यास आणखी एक तांत्रिक कारण होते. ऑलविनरच्या नँड साठवणीची मांडणी कंपनीची स्वतःची होती आणि ती हाताळणारा ड्रायव्हर मुख्य लिनक्समध्ये नव्हता.

कार्डाच्या आरंभापासून ८ किलोबाइट अंतरावर बूट आज्ञावलीचा पहिला टप्पा ठेवावा लागतो. हा टप्पा २४ किलोबाइटांत बसविणे आवश्यक असते, कारण या क्षणी मुख्य मेमरी सुरूच झालेली नसते आणि चिपमधील तुटपुंज्या अंतर्गत मेमरीतच तो चालतो. त्याचे मुख्य काम मुख्य मेमरी कार्यान्वित करणे हे असते. त्यासाठी मेमरीचा वेग, रुंदी, विलंब यांच्या नेमक्या किमती द्याव्या लागतात आणि त्या प्रत्येक फलकागणिक बदलू शकतात. या किमती थोड्या चुकल्या तर टॅब्लेट सुरूच होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे सुरू होतो आणि काही वेळाने अकारण बंद पडतो. पडदा अजून चालू नसल्याने चूक कोठे झाली हे दिसण्याचा मार्गही नसतो. फलकावरील अनुक्रमिक जोडणीला तारा जोडून संदेश वाचावे लागतात. मेमरी सुरू झाल्यावर यू-बूट ही पूर्ण बूट आज्ञावली येते आणि ती कर्नलला मेमरीत आणून त्याच्याकडे सूत्रे देते.

फलकाचे वर्णन

संगणकातील पीसीआय किंवा यूएसबी जोडणीवरील उपकरण आपली ओळख स्वतः सांगते. टॅब्लेटच्या फलकावरील बहुतांश भाग तसे करीत नाहीत. स्पर्शपडद्याचा नियंत्रक कोणत्या वाहिनीवर, कोणत्या पत्त्यावर आहे, पडद्यामागील प्रकाश कोणत्या टाचणीने चालू होतो, बॅटरीचे मोजमाप कोण करते, हे कर्नलला बाहेरून सांगावे लागते. ऑलविनरने यासाठी स्वतःची पद्धत वापरली होती. सर्व माहिती एका द्विमान फाइलमध्ये असे आणि तिचे वाचनीय मजकुरातील रूप 'फेक्स' या नावाने ओळखले जाई. अँड्रॉइडसोबत आलेली ही फाइल काढून घेऊन, मजकुरात रूपांतरित करून, आवश्यक बदलांसह पुन्हा द्विमान करण्याची साधने लिनक्स-सनक्सी या स्वयंसेवी समूहाने तयार केली होती. ऑलविनर चिपवरील लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक प्रयत्नाचा पाया या समूहाने सुधारलेला कर्नल हाच आहे.

ही फाइल नसेल तर काम जवळपास अशक्य होते. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या टॅब्लेटच्या वेगवेगळ्या तुकड्यांत निर्माता स्वस्त मिळेल तो स्पर्श नियंत्रक किंवा वाय-फाय चिप बसवू शकतो. मग एका तुकडीसाठी तयार केलेले कार्ड दुसऱ्या तुकडीत घातले असता डेस्कटॉप दिसतो, पण बोटाला प्रतिसाद मिळत नाही. अल्पदरातील यंत्रांवरील पोर्टिंगमध्ये हा अनुभव सार्वत्रिक आहे.

आर्म जगतातील या विस्कळीतपणाविषयी लिनस टॉरवल्ड्स यांनी २०११ मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली होती. प्रत्येक कंपनी आपल्या फलकाचे वर्णन कर्नलच्या स्रोतातच लिहीत असल्याने आर्मचा विभाग अवाच्या सवा फुगला होता. त्यानंतर 'डिव्हाइस ट्री' ही सामाईक वर्णनपद्धती आर्मसाठी स्वीकारण्यात आली. ए१० आणि ए१३ चिपांचा प्राथमिक आधार या नव्या पद्धतीने मुख्य लिनक्स कर्नलच्या ३.८ आवृत्तीत, फेब्रुवारी २०१३ मध्ये दाखल झाला. परंतु तो प्राथमिक होता. पडदा, ध्वनी, नँड यांपैकी काहीच त्यात चालत नव्हते. आकाश वाटपाच्या काळात म्हणून कंपनीच्या जुन्या कर्नलपासून निघालेल्या शाखाच वापरण्याजोग्या होत्या.

ग्राफिक्स

ए१३ मध्ये माली-४०० हा ग्राफिक्स विभाग आहे. त्याचा ड्रायव्हर दोन भागांत येतो. कर्नलमधील लहान भाग खुला, तर प्रत्यक्ष चित्र रचणारा मोठा भाग बंद, केवळ संकलित स्वरूपात. अँड्रॉइडसाठी पुरविलेला बंद भाग बायोनिक ग्रंथालयावर अवलंबून असल्याने तो नेहमीच्या लिनक्समध्ये जोडता येत नाही. लिनक्ससाठीचा वेगळा संच मिळाला तरी तो ठरावीक कर्नल आवृत्तीशी जखडलेला असतो.

त्यातही माली-४०० ला ओपनजीएल ईएस हीच ग्राफिक्सची भाषा कळते. डेस्कटॉपवरील आज्ञावल्या संपूर्ण ओपनजीएलची अपेक्षा धरतात. सायलॅबच्या पाचव्या मालिकेतील आलेख जावा आणि ओपनजीएल या दोन्हींवर अवलंबून आहेत. अशा वेळी ग्राफिक्स विभाग असूनही त्याचा उपयोग होत नाही आणि सर्व चित्रण प्रोसेसरलाच करावे लागते. म्हणून साध्या फ्रेमबफरवर चालणारा एक्स ड्रायव्हर वापरणे हाच व्यवहार्य मार्ग राहतो. खिडक्या सरकविताना होणारी दिरंगाई ही प्रोसेसरच्या दुर्बलतेपेक्षा या बंदिस्तपणाची किंमत होती. माली-४०० साठी उलट अभियांत्रिकीने मुक्त ड्रायव्हर लिहिण्याचा 'लिमा' प्रकल्प २०१२ मध्येच जाहीर झाला होता. तो मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट व्हायला २०१९ साल उजाडले.

हलक्या डेस्कटॉपची गरज

उबंटूचा त्या वेळचा मूळ डेस्कटॉप, युनिटी, ग्राफिक्स प्रवेगाशिवाय आणि ५१२ मेगाबाइट मेमरीत वापरणे सोयीचे नव्हते. या मेमरीचा काही भाग ग्राफिक्स व चलचित्रांसाठी कर्नल आधीच राखून ठेवतो, त्यामुळे आज्ञावल्यांना प्रत्यक्षात त्याहून कमी मेमरी मिळते. अशा यंत्रांवर एलएक्सडीई किंवा एक्सएफसीई यांसारखे हलके डेस्कटॉप वापरले जातात. एलएक्सडीई हा २००६ मध्ये तैवानमध्ये सुरू झालेला प्रकल्प असून लुबंटू या उबंटूच्या अधिकृत उपप्रकाराचा तो अनेक वर्षे आधार होता.

डेस्कटॉप हलका असणे मात्र पुरेसे नसते. ४८० बिंदूंच्या उंचीत अनेक आज्ञावल्यांचे संवाद-चौकोन मावत नाहीत आणि 'ठीक आहे' हे बटण पडद्याबाहेर जाते. मेनू माउससाठी आखलेले असल्याने बोटाने अचूक दाबणे अवघड जाते; उजवे बटण दाबण्यास बोटाकडे पर्यायच नसतो. पडद्यावरील कळफलक अर्धी जागा व्यापतो. ओटीजी तारेने यूएसबी कळफलक व माउस जोडल्यास या बहुतेक अडचणी दूर होतात आणि टॅब्लेटचे रूपांतर लहान संगणकात होते. खर्च तेवढा वाढतो. कार्डावरील विखुरलेल्या लहान नोंदी लिहिण्याचा वेग अत्यंत कमी असल्याने नोंदवह्या मेमरीत ठेवणे आणि मेमरीचा काही भाग संक्षिप्त करून अदलाबदलीसाठी वापरणे, असेही उपाय करावे लागतात.

देवनागरी

पोर्टिंगच्या या साऱ्या प्रपंचात मराठीचा भाग सर्वांत विनासायास पार पडतो. देवनागरी जोडाक्षरे, रफार, वेलांट्या यांची मांडणी करणारी पँगो आणि हार्फबझ ही ग्रंथालये शुद्ध सॉफ्टवेअर असून प्रोसेसरच्या कुळाशी त्यांचा संबंध नसतो. आर्मसाठी ती पुन्हा संकलित झाली की लोहित मराठीसारखा मुक्त टंक आणि इनस्क्रिप्ट कळफलक यांसह मराठी लेखन तसेच चालते. याउलट, पहिल्या आकाशवरील अँड्रॉइड २.२ मध्ये देवनागरी टंकच नव्हता. तो अँड्रॉइडमध्ये ४.० या आवृत्तीपासून आला. स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाच्या ध्वनिचित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. त्यांतील निवेदन ऐकत, त्याच यंत्रावर दुसऱ्या खिडकीत प्रत्यक्ष कृती करणे ही त्या प्रकल्पाची शिकविण्याची पद्धत आहे. एका वेळी एकच अॅप पडद्यावर दाखविणाऱ्या तत्कालीन अँड्रॉइडमध्ये ती अडखळत असे.

मर्यादा

आकाशवरील लिनक्सची सर्वांत मोठी मर्यादा कर्नलच्या वयाची होती. पडदा, ध्वनी, वाय-फाय आणि ग्राफिक्स यांचे ड्रायव्हर कंपनीच्या जुन्या कर्नलशी बांधलेले असल्याने कर्नल अद्ययावत करणे म्हणजे हे भाग गमावणे होते. वरच्या थरातील उबंटू नवी होत राहते, पण खालचा कर्नल तेथेच थांबतो. कालांतराने नव्या आवृत्त्यांची मूलभूत साधने जुन्या कर्नलवर चालण्याचे नाकारतात आणि पोर्ट गोठून जातो. लिनक्स कर्नल जीएनयू सामान्य सार्वजनिक परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली वितरित होतो आणि त्यानुसार यंत्र विकणाऱ्याने वापरलेल्या कर्नलचा स्रोत देणे बंधनकारक आहे. ऑलविनरने स्रोत दिला, पण नँड हाताळणाऱ्या भागासह काही भाग केवळ संकलित रूपात दिले, असा आक्षेप सनक्सी समूहाने वारंवार नोंदविला.

शासकीय खरेदीत या बाबीचा विचार झाला असता तर चित्र वेगळे दिसले असते. किंमत, पडदा, बॅटरी आणि मेमरी यांच्या अटी निविदेत मांडता येतात. त्याचप्रमाणे फलकाचे वर्णन, बूट आज्ञावलीचा संपूर्ण स्रोत आणि मुख्य कर्नलमधील आधार यांचीही अट घालता येते. ए१३ वरच आधारलेला, बल्गेरियातील ऑलिमेक्स कंपनीचा ओलिनुक्सिनो हा फलक याचे उदाहरण आहे. त्याचे आराखडे खुले असल्याने त्याचे वर्णन मुख्य कर्नलमध्ये समाविष्ट झाले. चिप तीच, प्रोसेसर तोच, पण कागदपत्रे खुली असल्याने त्यावर बरीच नंतरची लिनक्स चालविता येते.

नंतरचा काळ

आकाश योजना पुढे मागे पडली आणि स्वस्त अँड्रॉइड फोन सर्वत्र पोहोचल्यावर तिचे मूळ प्रयोजनही विरळ झाले. फॉसी गटाने आपला अनुभव पुढे आर्म प्रोसेसरवर चालणाऱ्या अल्पदरातील लॅपटॉपकडे वळविला आणि त्यासाठी लिनक्स प्रणाली तयार केली. लॅपटॉपला कळफलक व मोठा पडदा असल्याने टॅब्लेटवरील डेस्कटॉपच्या बऱ्याच अडचणी तेथे आपोआप टळतात. ड्रायव्हर आणि कर्नल यांच्या अडचणी मात्र टळत नाहीत.

ए१३ चिपला मुख्य कर्नलमध्ये क्रमाक्रमाने चांगला आधार मिळाला. याच चिपवरील सात इंची सामान्य चिनी टॅब्लेटचे सामाईक वर्णनही त्यात आहे. ज्या वर्षी आकाशला या आधाराची गरज होती, त्या वर्षी तो उपलब्ध नव्हता.

भारतात हाच प्रश्न आता रिस्क-५ या मुक्त आज्ञासंचाच्या निमित्ताने पुन्हा पुढे आला आहे. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे या आज्ञासंचावर आधारित भारतीय प्रोसेसर असून केंद्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये त्यांच्या प्रसारासाठी डीआयआर-व्ही हा कार्यक्रम जाहीर केला. डेबियनने जुलै २०२३ मध्ये ६४ बिट रिस्क-५ ला अधिकृत स्थापत्याचा दर्जा दिला आणि ऑगस्ट २०२५ मधील 'ट्रिक्सी' आवृत्तीत ते प्रथमच समाविष्ट झाले. आज्ञावल्यांचा संच अशा रीतीने आकाशच्या वेळेप्रमाणेच तयार आहे. आज्ञासंच मुक्त असला तरी त्यावर आधारित चिपमधील ग्राफिक्स विभाग, मेमरी नियंत्रक व बूट आज्ञावली मुक्त असतीलच असे नाही. बाजारातील अनेक रिस्क-५ फलकांतील ग्राफिक्स विभागांचे ड्रायव्हर आजही काही प्रमाणात बंदिस्त आहेत.